घरच्यांचा नंबर शेवटी

सिस्टरच्या बैठकीच्या खोलीला कडी नव्हती, आणि या गोष्टीचं त्यांना केवढं कौतुक! नवी मुलगी राहायला आली की सामान ठेवायच्या आधी तिला ते दार दाखवायच्या. हे बघ, आतून लावायची सोयच नाही. कडी त्यांनी स्वतः पाना घेऊन उखडली होती. तेव्हापासून दार नीट टेकायचं नाही आणि थंडीत फटीतून गार वारा यायचा. म्हणून सिस्टर स्वतः भिंतीकडे बसायच्या आणि आलेली मुलगी बसायची दाराच्या तोंडाशी, कुडकुडत. हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. माणूस लाखात एक, पण जे लक्षात यायचं नाही ते यायचंच नाही.

विद्यापीठाला लागून असलेलं मुलींचं हे वसतिगृह चर्चचं. तीन मजले, तळाशी चॅपेल, चॅपेलला चिकटून सिस्टरच्या दोन खोल्या. फी, कुलपं, नळ, दिवे बघायला ऑफिसात वॉर्डनबाई होत्या. सिस्टरचं काम वेगळं होतं. मुलींमध्ये राहायचं, हे त्यांचं काम. सकाळी चॅपेलमध्ये प्रार्थना घ्यायची, रविवारी बाहेरून फादर मिस्सेच्या उपासनेला आले की गायला चार मुली गोळा करायच्या, आणि उरलेला सगळा दिवस ज्या मुलीला जे दुखतंय ते ऐकायचं. सगळ्या मुली काही ख्रिस्ती नव्हत्या, कित्येकींचा तर देवाशी उभा दावा. सिस्टरना त्याचं काही नसे. तुझा देवावर राग आहे ना, मग बस, चहा घे आणि रागाचं सांग, म्हणायच्या. मुली पाठीमागे त्यांना ‘चहावाल्या सिस्टर’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

संध्याकाळी पाच ते सात ही त्यांची बसायची वेळ. बाहेर बोळात चॅपेलमधून बाद झालेला एक लांब बाक टाकला होता. त्यावर मुली ओळीने बसायच्या. ओल्या टॉवेलचा आणि करपलेल्या टोस्टचा वास, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी केस वाळवायचं यंत्र, आणि बाकावर कुणी नखं खातेय, कुणी पुस्तक उघडून नुसतीच बघतेय. कुणाचे आईवडील वेगळे व्हायला निघाले होते, कुणी तीन विषयांत आपटली होती आणि घरी थाप मारून बसली होती. एकीला तर खोलीतल्या मैत्रिणीच्या घोरण्याने वेड लागायची पाळी आली होती, आणि सिस्टरनी तेही तितक्याच गांभीर्याने ऐकून घेतलं. सात वाजता जेवणाची घंटा झाली की दार बंद, म्हणजे बंद होईल तेवढं.

या सिस्टरना एक धाकटी बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीला सिस्टरनीच वाढवलं. वेण्या घातल्या, उवा काढल्या, गणितात नापास झाली म्हणून बडवलंही. पुढे ताई मठात जायला निघाली तेव्हा धाकटी अजून शाळेत होती. ती रडली नाही, जाऊ नको म्हणाली नाही, फक्त ताईची बॅग फाटकापर्यंत तिनेच नेली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर तिचं लग्न झालं, एका शाळेच्या बसवरच्या ड्रायव्हरशी, पोरं झाली, अडचणी आल्या, पण ताईकडे तिने कधी म्हणून काही मागितलं नाही. ताई देवाची झाली, देवाचं माणूस कसं मागायचं, असा तिचा सरळ हिशेब.

तिची थोरली मुलगी याच विद्यापीठात शिकायला आली. घरी तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी टिकायची नाही. कॉलेजात आल्यावर अंगाने वाढली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा पोर हरखून गेली. मावशीच्या घरी राहायला जायचं! पण सिस्टरनी पहिल्याच दिवशी तिला दाराशी बसवून सांगितलं, “इथे मी मावशी नाही. सिस्टर. सगळ्यांची आहे तशी तुझी. आणि संध्याकाळी आलीस तर तुझा नंबर शेवटी. घरच्यांनी मागे थांबायचं असतं.”

भिंगरीने मान डोलावली. तिला वाटलं, मावशी गंमत करतेय. गंमत नव्हती. आधीच्या एका वसतिगृहात एका सिस्टरच्या नात्यातल्या मुलीचे लाड झाले होते आणि त्यावरून मुलींत केवढं रण माजलं होतं, ते यांनी बघितलं होतं. तसलं आपल्या अंगणात नको. म्हणून वॉर्डनबाईंना सांगून भाचीला खोलीही अशी दिली की कुणी बोट दाखवू नये. तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून. पहाटे मोटर सुरू झाली की पलंगाचे पाय थरथरायचे. सिस्टरना याचाही अभिमान. अहो, अभिमान कसला वाटून घ्यायचा याला काही धरबंध?

आणि मग दुसऱ्या वर्षी धाकटीच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, कापून उपयोग नाही, जेवढे दिवस आहेत तेवढे बरे जावोत. तेव्हा भिंगरी सुट्टीला घरी होती. परत निघताना आईने तिला जवळ बसवून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीकडे काहीतरी मागायचं ठरवलं. म्हणाली, “ताईला समोर बसून सांग. फोनवर नको. फोनवर ऐकलं की ती हो हो म्हणेल आणि चॅपेलमध्ये जाऊन माझ्यासाठी प्रार्थना करत बसेल. मला प्रार्थना नको आहे, मला ती हवी आहे. थोडे दिवस येऊन माझ्याजवळ राहा म्हणावं.” आणि हेही बजावलं की ताईला म्हणावं, दर रविवारी आपण फोनवर बोलतो तेव्हा हा विषय काढू नकोस, धाकटा पोरगा शेजारी कान लावून बसलेला असतो.

एवढा निरोप. दोन वाक्यांचा. बोळाच्या या टोकापासून त्या दारापर्यंत न्यायचा होता.

भिंगरी आली त्याच संध्याकाळी बाकावर जाऊन बसली. तिच्या आधी बऱ्याच जणी होत्या, आणि नंतर आलेल्यांनाही नियमाप्रमाणे तिच्या पुढे जायचं होतं. मुलींना हा नियम पाठ झाला होता. “तू काय, घरचीच,” म्हणत त्या तिला ओलांडून पुढे सरकायच्या आणि ती बाकाच्या टोकाकडे ढकलली जायची. सात वाजले, घंटा झाली. सिस्टर बाहेर आल्या, भाचीला बघून हसल्या, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि जेवायला चालल्या गेल्या. बाजूने दहा मुली चालत होत्या. आईच्या पोटातली गाठ काय त्या गर्दीत सांगायची?

दुसऱ्या खेपेला तिचा नंबर जवळजवळ आलाच होता. ती उठून दारापर्यंत गेली, तेवढ्यात मागून पहिल्या वर्षाची एक मुलगी डोळे पुसत आली. तिच्या मित्राने तिला सोडलं होतं, तेही मेसेज पाठवून. सिस्टरनी दारातच भिंगरीला हाताने थांबवलं. “आधी ती. तू समजूतदार आहेस.” त्या मुलीचं रडणं घंटा होईपर्यंत चाललं. भिंगरी बाहेर उभी राहून ऐकत होती. रागाने तिचे कान तापले होते, आणि आपल्याला अशा वेळी राग येतोय याची लाजही वाटत होती.

तिसऱ्या खेपेला ती खरंच आत जाऊन बसली. दाराच्या तोंडाशी, वाऱ्यात. सिस्टर दिवसभर बोलून बोलून शिणल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, बरं झालं तू आलीस, तुझ्यासमोर जरा गप्प बसता येतं. मग विचारलं, अभ्यास काय म्हणतोय. भिंगरीच्या जिभेवर आलं होतं. पण मावशीचा तो उतरलेला चेहरा बघितला, आणि बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली, आणि सिस्टरची नजर लगेच तिकडे वळली. भिंगरी म्हणाली, “काही नाही. सहज आले होते.” आणि उठली.

त्या रात्री जेवताना सिस्टर स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरांना कौतुकाने सांगत होत्या, आमची भाची भारी शहाणी हो, तासभर ताटकळते पण तोंडातून ब्र काढत नाही. म्हाताऱ्या सिस्टरांनी विचारलं, रोज ताटकळते ती कशाला? सिस्टर म्हणाल्या, अहो, घरची आठवण येत असेल, दुसरं काय. आणि आमटीत मीठ कमी असल्याचा विषय निघाला.

घरी आई रोज फोनवर विचारत होती, सांगितलंस का? रोज नाही म्हणायचं तरी किती? एक दिवस भिंगरी वैतागली. मावशीवर, त्या बाकावर, स्वतःवर. आणि म्हणून गेली, “हो, सांगितलं. येते म्हणाली.” मनात होतं की उद्या काहीही झालं तरी सांगायचं, म्हणजे आजचं खोटं उद्या खरं होईल. दुसऱ्या दिवशी सिस्टर वसतिगृहात नव्हत्याच. एका मुलीचं अपेंडिक्स फुटलं होतं, तिच्या उशाशी त्या दवाखान्यात बसल्या होत्या. दुसऱ्याच्या लेकीचा हात धरून. त्यानंतर परीक्षा लागल्या आणि बाक माणसांनी भरून वाहू लागला. आणि खरं सांगायचं तर आता भिंगरीला धाक वाटू लागला होता. एकदा खोटं बोलल्यावर खरं सांगायचं म्हणजे ते खोटंही सांगावं लागणार. डॉक्टरांनी सहा महिने तरी जातील म्हटलं होतं. आहे वेळ, असं ती स्वतःला समजावत राहिली.

रविवारचे फोन होतच होते. धाकटी बरी आहे म्हणायची. मध्येच गप्प व्हायची. तिला वाटायचं, ताईला सगळं कळलंय आणि आपणच सांगितल्याप्रमाणे ती फोनवर विषय काढत नाहीये, किती धीराची आपली ताई. ताईला वाटायचं, धाकटी संसारात दमलीय. एकदा धाकटीने विचारलं, ताई, सुट्टी कधी मिळेल गं तुला? सिस्टर म्हणाल्या, बघू, उन्हाळ्यात निवांत येते. मग धाकटी म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

उन्हाळ्याचं नाव काय घ्यायचं, थंडीही सरली नाही. दुखणं एकदम उलटलं. वडिलांचा फोन आला तशी भिंगरी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. मावशीच्या दाराशी गेली होती, पण ती वेळ सकाळची, सिस्टर चॅपेलमध्ये चाळीस मुलींसमोर उभ्या राहून प्रार्थना सांगत होत्या. ती काचेतून बघत क्षणभर थांबली आणि गेली. फाटकावरच्या बाईला तेवढं म्हणाली, घरी जातेय.

विचारल्याशिवाय वसतिगृह सोडायचं नाही, हा तिथला कडक नियम. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या बाईने सिस्टरच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. माझीच भाची? आता इतर मुली काय म्हणतील? नियम म्हणजे नियम, घरच्यांना तर दुप्पट. त्यांनी तावातावाने भिंगरीला फोन लावला. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. फोन मेव्हण्यांनी उचलला. सिस्टर म्हणाल्या, द्या तिला जरा, बोलायचंय. मेव्हणे म्हणाले, “ताई, गेली ती. आत्ता, सकाळी.” सिस्टरना वाटलं, भिंगरी कुठेतरी निघून गेली. कुठे गेली, त्यांनी रागानेच विचारलं.

मेव्हण्यांनी नाव घेऊन सांगितलं.

बसमध्ये सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. बाजूच्या बाईने, सिस्टर बघून, आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. सवयीने त्यांची मानही हलत होती, हं हं निघत होतं. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतोय आणि ती बाई गप्प झालीय. अचानक कशी गेली, एवढा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घुमत होता. परवाच्या रविवारी तर बोलली.

घरात माणसं दाटली होती. मधल्या खोलीत पेटी ठेवली होती आणि पेटीत धाकटी, इतकी लहान दिसत होती की सिस्टरना क्षणभर शाळेतली पोरच वाटली. गालांची हाडं वर आलेली. हे अचानक झालेलं नाही, हे बघणाऱ्याला कळत होतं. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मेव्हणे भिंतीला टेकून उभे होते. साधा माणूस, सगळ्या जन्मात कुणाला उलट बोलला नसेल. ते सगळ्यांदेखत म्हणाले,

“महिन्यावर झालं तुम्हाला कळून. येते म्हणालात. रोज वाट बघायची ती. एक दिवस नाही मिळाला तुम्हाला, ताई?”

सिस्टरनी मान वर केली. कळून? येते म्हणाले? मी कुणाला म्हणाले? आणि तेवढ्यात त्यांना दारात भिंगरी दिसली. पाण्याच्या पेल्यांचा ट्रे हातात. पोरीच्या तोंडावर रंग म्हणून नव्हता. ती बापाकडे बघत नव्हती, आईकडेही बघत नव्हती. सिस्टरकडे बघत होती.

आयुष्यभर मुलींचे चेहरे वाचलेली बाई. तिला आता सगळं एका दमात वाचता आलं. बाक, टपली, तू समजूतदार आहेस, सहज आले होते. पोर का येत होती ते आत्ता कळलं, आता, जेव्हा कळून काही उपयोग उरला नव्हता. एका वाक्यात सुटता आलं असतं त्यांना. मला कुणी सांगितलंच नाही, एवढं म्हणायचं. अगदी खरं होतं ते. आणि मग या घरात, आईच्या पेटीसमोर, सगळे त्या पोरीकडे वळले असते.

“नाही मिळाला,” सिस्टर म्हणाल्या. “चुकलं माझं.”

मेव्हण्यांची बहीण तोंडाला पदर लावून म्हणाली, जगाची दुःखं ऐकतात म्हणे. आणखी कुणीतरी काहीतरी बोललं. सिस्टरनी ते सगळं ऐकून घेतलं, ऐकायची तर त्यांना सवयच होती. दफनाच्या वेळी त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही. त्या बायकांच्या मागे, कुंपणाजवळ उभ्या राहिल्या. फादरांची प्रार्थना तिथपर्यंत नीट पोहोचत नव्हती. माती पडल्याचा आवाज मात्र पोहोचला, आणि त्यांनी कुंपणाची तार घट्ट धरली.

माणसं पांगल्यावर भिंगरी मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. घरभर पेले आणि बशा झाल्या होत्या. सिस्टर जाऊन तिच्याजवळ उभ्या राहिल्या आणि फडक्याने एकेक पेला पुसू लागल्या. मग भिंगरी खाली बघतच बोलायला लागली. मी खोटं बोलले, तू का नाही सांगितलंस त्यांना? सिस्टर म्हणाल्या, तू खोटं बोललीस ते माझ्या दारात ताटकळून. भिंगरी म्हणाली, मी बाबांना सांगणार आहे, आज नाही, पण सांगणार. तुझ्यासाठी नाही, मलाच ते पोटात ठेवता येत नाही. आणि मी आता तिथे राहायला येणार नाही. मैत्रिणीबरोबर खोली बघेन. सिस्टरनी मान हलवली. ये म्हणायचा आपल्याला हक्क उरलाय असं त्यांना वाटलं नाही.

“काल रात्री तिला दिसेनासं झालं होतं,” भिंगरी म्हणाली. “सारखी विचारत होती, ताई आली का. बाबांना ऐकवेना, ते बाहेर जाऊन बसले. मग मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आले. तुझ्यासारखा आवाज काढून.”

सिस्टरनी हातातला पेला खाली ठेवला. पटलं तिला? त्यांनी विचारलं.

“पटलं. हसली. मला वाटलं, रागावेल, इतका उशीर का केलास म्हणेल. तसलं काहीच नाही.” भिंगरीने बाहीने नाक पुसलं. “तिने विचारलं, मुलींना कुणाजवळ ठेवून आलीस गं? मी म्हटलं, आहेत दुसऱ्या सिस्टर. तर म्हणाली, मग बस जरा.”

नळाचं पाणी तसंच वाहत होतं. सिस्टर तिथेच, खरकट्या भांड्यांमध्ये, ओल्या फरशीवर बसल्या. झगा भिजत होता. आतून मेव्हण्यांनी दोनदा विचारलं की शेवटची बस किती वाजता आहे, पण त्या काही उठल्या नाहीत.